हरिपाठ वाचणाऱ्या बाई

(शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठानंतर स्मरणिका मंडळाच्या वतीने केलेले निवेदन)



हरिपाठ आत्ताच झाला. टाळ अजून काहींच्या हातातच आहेत. तिकडे भाकरी-पिठल्याची तयारी चालली आहे, आणि सकाळपासून सगळ्यांची धावपळ झाली आहे. तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. स्मरणिका मंडळाला एका बाईंचे स्मरण करायचे आहे, तेवढे करतो आणि बसतो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या स्मरणिकेत कोणाकोणाचे स्मरण करायचे, याची यादी करायला मंडळ बसले होते. पुष्कळ नावे आपोआप आली. दिंडी सुरू करणारे मूळ पुरुष आले. वीणा सांभाळणारे आले. बैलगाडीत पाल आणि भांडी घालून चिखलातून गाडी काढणारे आले. वाटेवर ज्यांनी देह ठेवला ते आले. मुक्कामाच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या पंगत घालणारी घरे आली. ही सगळी आपली माणसे, त्यांच्याविषयी दुमत नव्हते. मग एकाने एक नाव घेतले आणि बैठक थांबली. नाव होते शार्लोत वोदविल.

या बाई फ्रान्सच्या. जन्म १९१८ चा, निधन २००६ चे. पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात त्या प्राध्यापिका होत्या आणि आपल्या देशातले जुने भक्तिवाङ्मय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९६९ साली पॅरिसहून त्यांचे एक पुस्तक निघाले, ते ज्ञानदेवांच्या हरिपाठावर. आत्ता आपण म्हटला तोच हरिपाठ त्यांनी फ्रेंच भाषेत नेला आणि त्याचे विवरण केले. आम्ही त्यांना ‘बाई’ म्हणतो ते शाळेतल्या बाई म्हणतो त्या मानाने, हे लक्षात असावे.

नाव ऐकून आपले ज्येष्ठ विणेकरी बुवा म्हणाले, “बाईंच्या गळ्यात माळ होती का? आषाढी-कार्तिकी करत होत्या का? नसतील तर नुसतं पुस्तक लिहिलं म्हणून आपल्या स्मरणिकेत जागा कशी द्यायची? पुस्तकं पुष्कळ जण लिहितात.”

बुवांचे म्हणणे टाकून देण्यासारखे नव्हते. आपल्याकडे मोजमाप चालण्याचे आहे. किती वाऱ्या झाल्या, पहिले विचारतात ते हेच. फ्रान्सचेच गी देल्युरी नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू होते. ते पालखीबरोबर चालले, आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. त्यांचे नाव घेतले असते तर बुवा कदाचित लगेच मान हलवते. कारण तो माणूस चालला. बाईंची ओळख मात्र वाचणारी म्हणून आहे. वाचणाऱ्याला वारकरी कुठे बसवायचे, हा प्रश्न बुवांनी विचारला आणि आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तर दिले ते कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या एका आजींनी. आजींना अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, “बुवा, मी पन्नास वर्सं चालतेय. हरिपाठ झोपेत बी म्हणीन. पर त्यात एका ठिकाणी नुसते आकडेच येत्यात बघा. ते आकडे कशाचे, ते मला कुणी सांगितलं न्हाई अन् म्या इचारलं बी न्हाई. इचारलं तर म्हणतील, म्हातारीला आता शंका यायला लागल्या. त्या बाईनं इचारलं ना? मग लिवा तिचं नाव.”

बुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिहा. पण नीट माहिती काढून लिहा.”

तर माउली, ही नीट काढलेली माहिती. आमच्यात फ्रेंच कोणाला येत नाही. आपल्याच गावची एक मुलगी पुण्यात शिकते, तिला फ्रेंच येते आणि इंग्रजीही चांगले येते. तिने पुस्तकांची नावे, साली आणि विषय आम्हाला बसून समजावून दिले. ज्यांची खात्री झाली तेवढ्याच गोष्टी सांगतो.

बाईंची सुरुवात तुलसीदासांपासून झाली. रामचरितमानस कशाकशावरून रचले गेले, त्याची बांधणी कशी आहे, यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५५ साली निघाला. मग त्या कबीरांकडे वळल्या. कबीरांच्या दोह्यांवरचे त्यांचे पुस्तक १९५७ साली आपल्याच देशात, पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने छापले. १९६५ साली त्यांचे ‘बारामासा’ गाण्यांवरचे पुस्तक आले. मग १९६९ साली आपला हरिपाठ. १९७१ साली सूरदासांची पदे. १९७४ साली पुन्हा कबीर, या वेळी इंग्रजीत, ऑक्सफर्डहून. आणि १९९३ साली आणखी एकदा कबीर. तेव्हा बाईंचे वय पंचाहत्तर होते. १९९६ साली त्यांचे निरनिराळे लेख एकत्र करून दिल्लीहून ग्रंथ काढला गेला.

ही यादी आम्ही कंटाळवाणी वाटेल म्हणून गाळणार होतो. पण वारकऱ्याला ती ओळखीची वाटेल. ही बाई पुष्कळ फिरली. पॅरिस, पाँडिचेरी, अयोध्येचे तुलसी, काशीचे कबीर, व्रजाचे सूरदास, आळंदीचे ज्ञानदेव, इतका मुलूख तिने पालथा घातला. पण सालांकडे पाहिले की दिसते, ती पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जाते. कबीर एकदा झाले म्हणून सोडून दिले नाहीत. १९५७ ला वाचले, १९७४ ला वाचले, १९९३ ला वाचले. आपणही गेल्या वर्षी पंढरी पाहिली म्हणून यंदा घरी बसत नाही. तोच दिवे घाट, तीच नीरा, तेच वाखरीचे मैदान, आणि तरी दर वर्षी काहीतरी नवे दिसते. जवळजवळ चाळीस वर्षे एकाच ओढीने वाचत राहणे, याला आम्ही तरी दुसरे नाव देऊ शकत नाही.

बारामासा म्हणजे काय, हे बायाबापड्यांना सांगायला हवे, कारण ती त्यांचीच गाणी आहेत. उत्तरेकडे बाया गातात. नवरा परगावी गेलेला, आणि मागे राहिलेली बाई एकेका महिन्याचे दुःख सांगते. पुष्कळ गाण्यांत हे महिने आषाढापासूनच सुरू होतात. आभाळ भरून येते, गावाला गेलेली माणसे परत येतात, आणि हिचाच येत नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत हाच सूर आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणी आपण कीर्तनात ऐकतो, त्यांतही तोच आहे. सोरबॉनच्या प्राध्यापिकेने बायांच्या गाण्यांना ग्रंथाच्या तोलाचे मानले, ही गोष्ट आमच्या मनात राहिली. आपण आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्यांना ते मोल दिले का? शंभर वर्षांत आपल्या दिंडीत किती ओव्या गायल्या गेल्या, आणि त्यांतली एकही वही आज आपल्याकडे नाही.

आता हरिपाठाकडे येऊ. कबीर वाचता वाचता बाई आळंदीपर्यंत का आल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. कबीरांच्या बोलण्यात नाथपंथाची बोली जागोजाग भेटते. शून्य, सुषुम्ना, अनाहत नाद, असे शब्द. कबीर नामदेवांचे नाव आदराने घेतात. आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत, पंजाबात घुमानला त्यांचे स्थान आहे. म्हणजे उत्तरेचा माग काढत जो निघेल, तो नामदेवांचे बोट धरून पंढरीला पोचणारच. आणि नाथांचा माग काढणारा गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या पायऱ्यांनी ज्ञानदेवांपाशी येणार. बाई दोन्ही वाटांनी आल्या.

पुस्तकाला त्यांनी जे नाव दिले ते आम्हाला फार आवडले. फ्रेंच शब्द आहे ‘लँव्होकासिओं’. आमच्या मुलीने त्याचा अर्थ सांगितला तो असा, की देवाला नाव घेऊन हाक मारणे. आपण ‘पाठ’ म्हणतो. पाठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नेम येतो, वेळ येते, ठरलेली चाल येते. बाईंनी त्या नेमाच्या आत काय आहे ते पाहिले. आत हाक आहे. लेकरू गर्दीत चुकले की आई नाव घेऊन ओरडते, तशी. रोज म्हणून म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानातून जाते. तिऱ्हाईत माणूस ती पहिल्यांदा ऐकतो म्हणून त्याच्या ध्यानात राहते.

हरिपाठ सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा. तरबेज टाळकरी असतील तर बघता बघता म्हणून होतो. पण त्यातले शब्द एकेक करून घेतले तर पाय थांबतात. त्रिवेणी हा शब्द घ्या. वरवर पाहता ते प्रयागचे तीर्थ, आणि अभंग सांगतो की चित्त नामात नसेल तर तीर्थे फिरून काही हाती लागत नाही. इतका अर्थ आपल्याला कळतो. पण योग्यांच्या बोलीत त्रिवेणी म्हणजे इडा, पिंगला आणि सुषुम्ना यांचा संगम. कबीरांच्या पदांत ती या अर्थाने येते. मग ज्ञानदेव, जे स्वतः नाथांचे शिष्य, त्यांच्या मनात शब्द वापरताना दुसरा अर्थ नसेल का?

किंवा ‘जीवनकळा’ हा शब्द घ्या. योगी साधना करून जी अमृताची कला मिळवतात, ती. ज्या अभंगात हा शब्द येतो त्यात वैष्णवही आहेत आणि योगीही आहेत. वैष्णवांना नामाची गोडी मिळाली, योग्यांना त्यांची जीवनकळा मिळाली, असे दोघांना एका पंगतीला बसवले आहे. हा अभंग आपण हजारो वेळा म्हटला आहे. पंगतीत शेजारी कोण बसले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले?

बाईंनी हे पाहिले आणि पुढे त्यावर एक महत्त्वाचा लेखही लिहिला, तो १९८७ साली संतपरंपरेवरच्या एका इंग्रजी ग्रंथात आला. महाराष्ट्राच्या संतांनी शैव आणि वैष्णव या दोन धारा कशा एक केल्या, हा त्याचा विषय. आपल्याला हे नवे नाही. जुना वारकरी एकादशी करतो तसा सोमवारही करतो. पंढरीचा देव हरी आहे, आणि त्याने शिवाला मस्तकावर धरले आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मुक्ताई, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव यांचे घराणे नाथांचे, आणि ओढ पंढरीची. पण आपल्याला जे अंगवळणी पडले आहे ते जगात दुर्मीळ आहे, हे कळायला कधी कधी लांबून आलेला माणूस लागतो. इतरत्र शिवाचे आणि विष्णूचे भक्त भांडले. इथे एका हरिपाठात नांदले.

आता एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण बुवांनी “नीट लिहा” असे बजावले आहे. अभ्यासक मंडळी शंका काढतात. कथा कोणती, इतिहास कोणता, हे वेगळे करू पाहतात. बाईंनी कबीरांच्या बाबतीत तेच केले. कबीरांच्या नावावरची वाणी तीन ठिकाणांहून आली आहे. एक राजस्थानातल्या पंथांच्या पोथ्यांतून, एक गुरुग्रंथसाहेबातून, आणि एक पूर्वेकडच्या बीजकातून. तिन्हींत फरक आहे. बाईंनी ते फरक पुढे मांडले आणि प्रत्येक पोथी कशी घडली ते पाहिले. ज्ञानदेवांच्या बाबतीतही असा वाद आहे. ज्ञानेश्वरी सांगणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, असा. तो परक्यांनी आणलेला नाही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच महाराष्ट्रात उठला. आपल्या दिंडीची श्रद्धा आहे की माउली एकच. ती श्रद्धा कोणी काढून घेत नाही. पण असा प्रश्न विचारणारा माणूस पाखंडी आहे, असे समजून त्याला बाहेर बसवायचे का?

याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. पुढे तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात चुका शिरल्या, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या नाथमहाराजांनी जुन्या प्रती समोर ठेवून ती शुद्ध केली. त्यांनी पाठ तपासले, भर कुठली आणि मूळ कुठले ते पाहिले, आणि पुढच्यांना ताकीद दिली की यात आपली भर घालू नका. आज आपण जी ज्ञानेश्वरी डोक्यावर घेतो ती नाथमहाराजांच्या या श्रमांतून आलेली आहे. मग पोथ्या शेजारी ठेवून शब्दाशब्दाला थांबणे, हे काम आपल्याला परके कसे? नाथमहाराजांनी ते भक्तीने केले. पॅरिसच्या बाईंनी त्याच जातीचे काम आयुष्यभर केले.

बाई गेल्या, पण त्यांनी लावलेली सवय मोडली नाही. १९७९ साली बेल्जियममध्ये लुवेन या गावी भक्तिसाहित्याचे अभ्यासक जमले. ती बैठक पुढे दर काही वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरत राहिली. हे अभ्यासक बाईंना या वाटेवरच्या पुढच्या माणसांत गणतात. १९९१ साली त्यांच्या शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या गौरवासाठी एक ग्रंथ काढला, भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या भक्तिपरंपरांवर. आपण स्मरणिका काढतो आहोत तशीच ती म्हणा. त्यांची दिंडी पताकांची नव्हती, पण मागे माणसे होती, आणि पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आजींच्या आकड्यांकडे.

त्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी बुवांनी आजींना बोलावून घेतले. ओट्यावर बसवले आणि म्हणाले, “माउली, ऐका. सात, पाच, तीन आणि दहा. बेरीज करा.” आजींनी बोटांवर केली. पंचवीस. बुवा म्हणाले, “सांख्य शास्त्रात सारी सृष्टी पंचवीस तत्त्वांची मानतात. हिशेब लावण्याच्या आणखीही रीती आहेत, पण ही एक. ज्ञानी लोक एवढी मोजणी करतात तेव्हा त्यांना एक तत्त्व सापडतं. आणि लगेच पुढे अभंग काय सांगतो? नामाचं तसं नाही. नाम सगळ्यांत वरचं, आणि त्याला कष्ट पडत नाहीत.”

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हंजी ते आकडे ज्याला मोजायचं त्याच्यासाठी हायेत. माझ्यासाठी फुडचं हाय.” बुवा म्हणाले, “होय माउली.” आजी म्हणाल्या, “मग बुवा, हे पन्नास वर्सांपूर्वी का न्हाई सांगितलं?”

बुवांनी हे आम्हाला स्वतः सांगितले. सांगताना त्यांचा आवाज बसला होता. “मला माहीत होतं,” ते म्हणाले, “आमच्या गुरूंनी मला शिकवलं होतं. पण कोणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. ही बाई माझ्यामागून वीस पावलांवर तुळस घेऊन चालत होती.”

माउली, आपल्या स्मरणिकेत शंभर वर्षांचा हिशेब छापला आहे. वर्गणी किती आली, तंबू किती झाले, बैलगाडीचा ट्रक कधी झाला, सगळे आहे. पण ही एक नोंद त्यात बसत नव्हती, म्हणून ती इथे सांगितली. उत्तर आपल्याकडे होते, प्रश्न आपल्याकडे होता, दोघे एकाच वाटेने पन्नास वर्षे चालत होते, आणि दोघांची गाठ पडली नाही. ती पडायला फ्रान्सच्या एका बाईंचे नाव निघावे लागले.

आपल्या वाटेवर एक जुनी रीत आहे. मुक्कामाच्या गावी समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार चोप वर करतात आणि एवढा हजारो टाळांचा गजर क्षणात थांबतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, मगच ते टाळ थांबतात. केवढी शहाणी रीत आहे ही! वाजत राहणाऱ्या टाळांना कोणी बेशिस्त म्हणत नाही. त्यांचे ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे जात नाही.

सामान हरवले, पाणी मिळाले नाही, क्रम चुकला, यांसाठी आपण ही सोय केली. अर्थाच्या शंकेसाठी मात्र केली नाही. आजींचे टाळ पन्नास वर्षे मनातल्या मनात वाजत होते. आणि सोरबॉनच्या त्या बाईंचे टाळ उघड वाजत होते, आयुष्यभर. त्या प्रत्येक शब्दापाशी थांबल्या आणि हे काय, असे विचारत राहिल्या. वाचणारा माणूस असतो तो असा. आम्ही बुवांच्या प्रश्नाचे हे उत्तर शोधले. अशा वाचणाऱ्याला दिंडीत जागा कुठे, तर ज्याचे टाळ थांबलेले नाहीत त्याला जिथे जागा मिळते तिथे. चोपदाराने त्याच्याकडे चालत जावे, अशी ती जागा.

म्हणून मंडळाने बुवांच्या संमतीने एक ठराव केला आहे, तो तुमच्यापुढे ठेवतो. यंदाच्या वारीपासून रोज मुक्कामाच्या गावी हरिपाठ झाल्यावर एक अभंग घेऊन बसायचे. एकच अभंग. पाव तास. बुवा किंवा त्यांनी सांगितलेला कोणी त्याचा अर्थ सांगेल, आणि नंतर ज्याला विचारायचे त्याने विचारायचे. बायांनी आधी विचारायचे. शंका आली म्हणून कोणी कोणाला हसायचे नाही. आळंदीहून पंढरपूरला आपल्याला अठरा-वीस दिवस लागतात, तेव्हा एका वारीत हरिपाठ पुरा होणार नाही, दोन वाऱ्या लागतील. लागू देत. शंभर वर्षे म्हटला, दोन वर्षे विचारू.

आणि दुसरे, जात्यावरच्या ओव्यांची एक वही यंदापासून सुरू करायची आहे. लिहिणाऱ्या मुली तयार आहेत. ज्या माउलींना ओव्या येतात त्यांनी जेवण झाल्यावर त्यांच्यापाशी बसावे. आपले नाव आणि गाव सांगावे, म्हणजे वहीत लिहिता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये. या वहीत वाचता येणाऱ्यांपेक्षा त्यांचेच काम जास्त आहे.

काही जणांना अजून वाटत असेल, नामाला अर्थाची गरज काय? हे वाटणे चूक नाही. नाम कळून घ्या किंवा न कळता घ्या, ते तारते, असेच आपल्याला शिकवले आहे आणि आजींच्या पन्नास वर्षांनी ते दाखवलेही आहे. त्यांचा नेम अर्थावाचून अडला नाही. पण परवा बुवांनी त्यांना ते पंचवीस मोजून दाखवले, त्यानंतरचा हरिपाठ आम्ही जवळून ऐकला. तो अभंग आला तेव्हा आजींनी मान वर केली आणि पुढचा चरण इतक्या मोठ्याने म्हटला की शेजारच्या टाळकऱ्याचा ठेका चुकला. आज संध्याकाळीही तसेच झाले. तुमच्यापैकी काहींनी वळून पाहिले असेल, आवाज कोणाचा म्हणून. तो आजींचा होता.

स्मरणिकेत वोदविल बाईंचे पान दिंडीच्या माणसांच्या पानांशेजारीच घातले आहे. पान लहान आहे. त्यावर त्यांचे जन्म-निधनाचे साल आहे, हरिपाठाच्या पुस्तकाचे साल आहे, आणि खाली एक ओळ आहे, ती बुवांनी सांगितली तशी छापली आहे: या बाईंनी आपला हरिपाठ थांबून थांबून वाचला.

आता जेवायला वाढतील. ज्यांना आजच काही विचारायचे असेल त्यांनी जेवण झाल्यावर देवळाच्या ओट्यावर यावे. बुवा बसणार आहेत.

बोला, पुंडलिक वरदा हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!